चौदाव्या दिवसापासून

तेराव्याचं गोडाचं जेवण उरकतं, पाहुणे आपापल्या गावी परततात, शेजारचा डबा थांबतो. तोवर माणसाला आपल्याकडे कोणी एकटं सोडत नाही. रात्री सोबतीला कोणीतरी असतं, दोन घास बळेच खायला लावले जातात. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नसेल, तर घाटावर सगळे खोळंबतात. "त्यांच्या मनात काय राहिलं असेल?" असं मोठ्याने विचारलं जातं आणि कोणीतरी पुढे होऊन म्हणतं, "धाकटीच्या शिक्षणाचं मी बघतो, काळजी करू नका." श्रद्धा बाजूला ठेवली तरी या क्षणाला मोल आहे. गेलेल्या माणसाशी राहून गेलेलं बोलणं चारचौघांसमोर बोललं जातं. समुपदेशनातही पुढे कधीतरी समोर रिकामी खुर्ची ठेवून हेच बोलायला सांगतात.

खरी अडचण चौदाव्या दिवसापासून सुरू होते. विचारपूस थांबते आणि शोक मात्र तेव्हा कुठे अंगात उतरायला लागतो. झोप तुटक होते, जेवणाची चव जाते, गॅस चालू राहतो, चहाचे सवयीने दोन कप मांडले जातात. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येतो, कधी ते शेजारी बसल्यासारखं वाटतं. हे सांगायला लोक घाबरतात, वेड लागलं असं समजतील म्हणून. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी जोडीदार गमावलेल्या जवळपास 300 जणांना याबद्दल विचारलं होतं. 1971 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सुमारे निम्म्या लोकांनी असा अनुभव आल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोवर तो कोणालाही बोलून दाखवला नव्हता. ही शोकातली नेहमीची गोष्ट आहे.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या आता व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मांडल्या, पण मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचा शोक असा जिना चढत जात नाही. "मला अजून रागच आलेला नाही, माझं काही चुकतंय का?" या काळजीत अडकण्याचं कारण नाही.

त्यापेक्षा शोकाचा अभ्यास करणारे मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेला विचार जास्त उपयोगी पडतो. शोक झोक्यासारखा असतो. एका टोकाला आठवण, रडणं, फोटो. दुसऱ्या टोकाला नवं जगणं लावणं: मृत्यूची नोंद 21 दिवसांत करणं, दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवणं, बँक, पेन्शन, सातबाऱ्यावर वारसनोंद, आजवर त्यांनीच भरलेलं विजेचं बिल. दोन्ही टोकांना जाणं हाच शोक. सकाळी तलाठ्याकडे जाऊन आलेली बाई संध्याकाळी त्यांचा सदरा उराशी धरून रडते, तेव्हा झोका नीट चाललेला असतो. तो एका टोकाला अडकला की मदत लागते. कोणी सहा महिने कपाटाला हात लावत नाही, तर कोणी तिसऱ्याच आठवड्यात कामाला असं जुंपून घेतो की घरात त्यांचं नाव निघालं तरी उठून जातो. हा दुसरा प्रकार पुरुषांत सर्रास दिसतो, आणि त्याला आपण कौतुकाने खंबीर म्हणतो.

विधवेच्या वाट्याला तर एकावर एक नुकसान येतं. नवरा जातो, त्याच दिवशी बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र, जोडवीही जातात. सवाष्णींतली तिची जागा जाते, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. समुपदेशनात या अपमानाबद्दल वेगळं बोलावं लागतं. नाहीतर सगळी चर्चा नवऱ्याच्या आठवणीभोवती फिरते आणि बाईला आतून जे जाळत असतं ते तसंच राहतं.

प्रत्येक शोकाला समुपदेशकाची गरज नसते. बहुतेकांना घरचे, मैत्रिणी आणि वेळ पुरतो. मग कधी जायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकार हे निदान आहे. त्यासाठी किमान सहा महिने उलटलेले असावेत, गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याच विचारांत बुडून राहणं चालूच असावं, रोजचं जगणं कोलमडलेलं असावं, आणि हे सगळं त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत प्रौढांसाठी ही मुदत बारा महिने आहे. समाजाच्या रीतीची अट मला फार महत्त्वाची वाटते. वर्षश्राद्धापर्यंत घरात सण न करणं हा आजार नाही.

"मलाही त्यांच्याकडे जायचंय" हे वाक्य मात्र ऐकलं की मुदत मोजायची नाही. थेट विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं ठेवू नका, गोळ्या आणि कीटकनाशक घराबाहेर काढा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

अडकलेल्या शोकावरचं समुपदेशन म्हणजे नुसतं मन मोकळं करणं नव्हे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांच्या पद्धतीत साधारण 16 भेटी असतात, आठवड्याला एक. रोज वहीत शोकाची तीव्रता आकड्यात लिहायची. पहिल्या काही भेटी नात्याची ओळख, झोप, जेवण आणि घरातलं एक आधाराचं माणूस यांत जातात. मग मृत्यूची हकीकत डोळे मिटून सांगायची, ती रेकॉर्ड करायची आणि घरी ऐकायची. टाळलेल्या जागा हळूहळू गाठायच्या: आधी हॉस्पिटलच्या रस्त्यावरून रिक्षाने, पुढच्या आठवड्यात फाटकापर्यंत. पुढे गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात संवाद.

बिघडतं ते घाईने. पहिल्याच भेटीत हकीकत उकरली, किंवा माणूस रडत असतानाच वेळ संपली, तर तो पुन्हा येत नाही. शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्याला शांत करून भानावर आणण्यासाठी राखावी लागतात. समुपदेशक उपदेश करू लागला, "देवाची मर्जी" म्हणू लागला, तर दुसरा शोधावा. नैराश्याच्या गोळ्या नैराश्यावर काम करतात, पण मूळ ओढीवर त्यांचा फारसा परिणाम दिसत नाही. नैराश्यही असेल तर दोन्ही उपचार बरोबर चालतात.

लहान मुलांना "आजोबा झोपलेत" किंवा "गावाला गेलेत" असं सांगू नका. मूल झोपायला घाबरतं, नाहीतर दाराकडे बघत बसतं. "आजोबा मेले. त्यांचं शरीर आता काम करत नाही, ते परत येणार नाहीत," एवढं सरळ सांगा, आणि "तुझ्यामुळे झालं नाही" हेही. पुन्हा विचारलं की पुन्हा तेच, त्याच शब्दांत.

शेजारी किंवा नातेवाईक म्हणून "काही लागलं तर सांगा" असं म्हणून उठू नका. शोकातला माणूस सांगत नाही. "मंगळवारी अकराला तुमच्याबरोबर बँकेत येतो, पासबुक आणि दाखला काढून ठेवा," असं म्हणा आणि जा. तिसऱ्या महिन्यातली एक तारीख आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी फोन करा आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला.