आमची वाटचाल : लग्नपत्रिकांच्या टेबलावरून मुलांच्या कवितांकडे

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझ्या सासऱ्यांचा छापखाना होता. अप्पा बिलबुकं, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका आणि शाळांची प्रगतिपुस्तकं छापायचे. २००६मध्ये मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पायाने चालवायचं जुनं छपाईयंत्र, ट्रेडल मशीन, ताडपत्रीखाली गेलं होतं, शिशाच्या अक्षरांचे खिळे पोत्यात भरले होते आणि दोन संगणकांवर डीटीपीचं, म्हणजे पानं जुळवायचं, काम चालायचं. मराठी टायपिंग येत असल्यामुळे तिसऱ्या दिवसापासून मी खुर्चीत बसले ती आजपर्यंत तिथेच आहे.

डिसेंबर आला की शाळांच्या स्नेहसंमेलनाचे अंक यायचे. मुलांच्या हस्ताक्षरातले कागद गठ्ठ्याने यायचे आणि मी ते टाइप करायचे. बहुतेक कवितांत ‘माझी शाळा किती छान’ आणि ‘झाडे लावा’ असायचं. २०११च्या डिसेंबरात चौथीतल्या एका मुलाचा कागद हाती आला. चार ओळी होत्या:

मधल्या सुट्टीत मी पाणी प्यायला जातो.
तहान नसते.
नळापाशी रांग असते.
रांगेत एकटं दिसत नाही.

मी त्या ओळी टाइप केल्या आणि काम थांबवून बाहेर जाऊन उभी राहिले. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती. शाळेकडून प्रुफं तपासून परत आली, तेव्हा त्या कवितेवर लाल रेघ होती. कारण विचारलं तर कळलं, पालकांच्या हातात अंक जाणार, त्यात असं उदास काही नको. तो अंक मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे छापून दिला. तो कागद मात्र ठेवून घेतला. मुलांच्या कवितांच्या आमच्या प्रकाशनाचा पाया कुठला असं कुणी विचारलं, तर मी तो कागद दाखवते.

पहिलं पुस्तक २०१३मध्ये काढलं. मैत्री आणि शाळा या विषयावरच्या एकोणीस कविता, सगळ्या मोठ्यांनी लिहिलेल्या, त्यातल्या चार माझ्या. हजार प्रती छापल्या. दोन वर्षांनी मोजल्या तर ६४० शिल्लक होत्या. चुका बऱ्याच होत्या आणि त्या सगळ्या आमच्याच होत्या.

पहिली चूक पानांची. क्राउन चौपट आकारात, २० बाय ३० इंचांच्या कागदावर सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा गट, बसतो. आम्ही पुस्तक केलं छत्तीस पानांचं, म्हणजे दोन फर्मे आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळी छपाई, वेगळी घडी. आयुष्य छापखान्यात गेलेल्या अप्पांनी हे आधीच सांगितलं होतं, पण मला एकही कविता सोडवत नव्हती. तेव्हापासून आमचं प्रत्येक पुस्तक बत्तीस पानांचं असतं आणि कविता त्यात बसवताना जी जड जाते ती खरोखरच बाहेर राहते.

दुसरी चूक अक्षरांची. शाळेत मुलं पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवतात. शासनानेही २००९मध्ये मराठीसाठी हीच वळणं ठरवली. आमच्या फॉन्टात दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची होती. मोठ्यांना फरक जाणवत नाही. दुसरीतलं मूल ‘शाळा’ या शब्दावरच अडखळतं, आणि शाळेवरच्या कवितांच्या पुस्तकात तो शब्द किती वेळा येत असेल याचा विचार करा.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. प्रत्येक कविता शेवटच्या कडव्यात उपदेश करत होती. मुलगा रडतोय, त्याला ‘ढ’ म्हणून चिडवतायत, इथपर्यंत कविता जिवंत, आणि मग ‘म्हणून बाळा अभ्यास कर’. जावळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पुस्तक वाचायला गेले होते. शेवटचं कडवं आलं की मुलं चुळबुळ करायची, खिडकीबाहेर बघायची. एकदा दोनदा नाही, प्रत्येक कवितेला. मी घरी आले, पुस्तक उघडलं आणि पेन्सिलीने सगळी शेवटची कडवी खोडत गेले. एकोणीसपैकी चौदा कविता त्यामुळे चांगल्या झाल्या. माझ्या चारांपैकी एकच.

त्यानंतर आम्ही नियमच केला. कुठलीही कविता छापण्याआधी तीन शाळांत मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायची, आपण वाचून दाखवायची नाही. मूल जिथे अडखळेल तिथे खूण करायची. तीन वेगवेगळ्या शाळांतली मुलं एकाच शब्दावर अडखळली, तर तो शब्द बदलायचा.

याचं एक उदाहरण सांगते, कारण या कामातला माझा सगळ्यांत आवडता भाग हाच. कट्टी झालेल्या दोन मैत्रिणींवरची कविता एका निवृत्त शिक्षिकेने पाठवली. ती अशी सुरू होत होती: ‘माझ्या बाकावरती आता रिकामी आहे जागा’. अर्थ नेमका, चित्रही नेमकं. पण मुलं ‘रिकामी’वर घसरत होती. मात्रा मोजल्या. पहिला तुकडा सोळा मात्रांचा, दुसरा तेरा. चाल बारा मागत होती. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, मी ती मनातल्या मनात म्हटली, तोंडाने म्हटलीच नाही.’’ दोन दिवसांनी त्यांची ओळ आली:

माझ्या बाकावरती आता उरली नुसती जागा,
तुझ्या खुणेचा खोडरबर अन् तुटका निळसर धागा.

‘रिकामी’पेक्षा ‘उरली नुसती’ जास्त लागतं, हा वर मिळालेला लाभ. चालीसाठी केलेला बदल अर्थालाही उजळवून गेला. ही कविता २०१६च्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे आणि पाटण खोऱ्यातल्या काही शाळांत मुली ती दोरीवरच्या उड्या मारताना म्हणतात, हे मी स्वतः ऐकलंय.

त्याच पुस्तकात आकड्यांची कविता आहे. मराठी मुलाला गणिताची भीती पुष्कळदा गणिताच्या आधीच बसते, आकड्यांच्या नावांपाशी. ‘एकोणसत्तर’ ऐकलं की कानाला सत्तर ऐकू येतं आणि हात ७९ लिहितो. लिहायचे असतात ६९. ‘त्रेपन्न’मध्ये पन्नास दिसतं, पण तीन आधी बोलायचे आणि नंतर लिहायचे. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ अशी मांडणी आली तेव्हा मोठ्या माणसांत केवढा वाद झाला. आमच्या कवितेतला मुलगा त्याच्या तीन वर्षं आधी हेच म्हणत होता: मला सत्तर येतात, मला नऊ येतात, हे ‘एकोण’ मध्ये कुठून आलं? आणि त्याचा मित्र त्याला बोटांवर दाखवतो की ‘एकोण’ म्हणजे एक पायरी अलीकडे. शिकवणारं कुणी मोठं माणूस त्या कवितेत नाही. वर्गात बहुतेक वेळा असंच घडतं, शेजारचाच शिकवतो.

विरोधही झाला. एका पुस्तकात ‘मला आज शाळेत नाही जायचं’ असं कडवं होतं. एका शाळेने दीडशे प्रतींची मागणी त्या एका ओळीसाठी रद्द केली. प्रती बांधून तयार होत्या, टेम्पो ठरला होता. ती ओळ बदलली तर सगळ्या प्रती घेऊ, असा निरोपही आला. अप्पा तेव्हा आजारी होते. मी त्यांच्या उशाशी बसून कविता वाचून दाखवली आणि काय करू विचारलं. ते म्हणाले, ‘‘पोरगं खरं बोललंय, तू कशाला खोटं छापतेस?’’ आम्ही ओळ तशीच ठेवली. त्या प्रती पुढे आठ महिन्यांत एकेक दोन-दोन करून गेल्या, मुख्यतः आईवडिलांनी नेल्या. सकाळी पोटात दुखतं असं सांगणारं मूल त्यांच्या घरी होतं. पोटदुखीमागे काय आहे ते कवितेचं निमित्त करून विचारता आलं, असं त्यांतल्या काहींनी दुकानात येऊन सांगितलं.

हिशोबाचंही लिहायला हवं, नाहीतर हे सगळं फार सोपं वाटेल. बत्तीस पानी रंगीत पुस्तक आम्ही ८० रुपयांना विकतो. दुकानदाराला चाळीस टक्के जातात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळेच कागदावर आम्ही भरलेला कर वळता करून मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. चित्रकाराचं मानधन आधी, कवीचं आधी, छपाई आधी, आणि पैसे यायला दिवाळी उजाडते. लग्नपत्रिका अजून छापतो त्या यासाठीच. मे महिन्यातल्या मुहूर्तांवर आमची जूनमधली पुस्तकं उभी राहतात, आणि यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. टपालाचं म्हणाल तर आमचं पुस्तक साधारण शंभर ग्रॅम भरतं. २०२५च्या मेपासून ज्ञानपोस्ट ही टपालखात्याची पुस्तकांसाठीची सेवा सुरू झाल्यावर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून दर आहे, त्यामुळे एकेक प्रत मागवणाऱ्या पालकाला नाही म्हणावं लागत नाही.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. छापखानाही. त्या जूनमध्ये पहिलीत गेलेली मुलं पहिलीचं वर्ष आणि दुसरीतलाही बराच काळ घरातच होती. त्यांना बाकावर शेजारी बसणं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. शाळा उघडल्यावर एका बाईंनी सांगितलं की मुलं डबा पाठ फिरवून खातात, वाटून घेत नाहीत, कारण कुणी कधी वाटून घेतलेलंच नाही. त्या वर्षी आम्ही मोठ्यांकडून एकही कविता घेतली नाही. सगळं पुस्तक मुलांचं केलं, सतरा शाळांतल्या.

२०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं. तिथे पुस्तकविक्रीसाठी आम्ही अर्धा गाळा घेतला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. रोज, हाताने लिहून. छापखान्यात वाढलेल्या घरातली सून म्हणून मला त्या गोष्टीपुढे आपलं काम फार सोपं वाटतं. गाळ्यावर विक्री बेताची झाली, पण खानदेशातल्या चार शाळा जोडल्या गेल्या. त्यांच्याकडून येणाऱ्या कवितांत अहिराणी शब्द असतात. आम्ही ते बदलत नाही, पानाच्या तळाशी अर्थ देतो.

सध्या टेबलावर जूनचं पुस्तक आहे. पंधरा जूनच्या आत ते शाळांत पोचायला हवं. त्यातली शेवटची कविता कराड तालुक्यातल्या पाचवीतल्या मुलीची आहे. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची काही मुलं इथल्या शाळांत चार-पाच महिने बसतात. हंगाम संपला की जातात. दर वर्षी इथल्या मुलांची एक मैत्री अशी मध्येच तुटते, आणि त्याविषयी कुणी लिहिल्याचं माझ्या हाती आलं नव्हतं. कोपी म्हणजे ऊसतोड टोळ्यांची उसाच्या पाचटाची झोपडी. ही मुलगी लिहिते:

तिच्या कोपीला दार नव्हतं.
आमच्या घराला आहे.
ती आली की म्हणायची,
दार लावू नको.

या ओळींच्या मात्रा आम्ही मोजल्या नाहीत. चित्रकाराने पानावर उघडं दार काढलं होतं. ते मी पुसायला लावलं, पान कोरं ठेवलंय. कवितेतल्या त्या मैत्रिणीला दोन प्रती पाठवायच्या आहेत. कविता लिहिणाऱ्या मुलीला मैत्रिणीच्या गावाचं नाव माहीत आहे, पण त्या नावाची तीन गावं निघाली. शाळेतले गुरुजी टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर शोधतायत. लिफाफा तयार करून ठेवलाय, पत्ता तेवढा लिहायचा राहिलाय.