आमची वाटचाल : एक लेथ, दोन राज्यं

आमच्या आप्पांनी १९८७ मध्ये बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ (धातू कातायचं यंत्र) लावला. त्याआधी ते एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. बेळगावात तेव्हा असे बरेच जण नोकरी सोडून बाहेर पडत होते. फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, वाढत होत्या आणि ओतून आलेल्या कास्टिंगला बोअर मारायला, फेसिंग करायला, ड्रिल-टॅप करायला कुणीतरी लागायचंच. आज आमच्याकडे दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ आहेत, एक व्हीएमसी (उभं मशिनिंग सेंटर) आहे आणि सतरा माणसं आहेत. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि पंपाचे भाग हे मुख्य काम. कास्टिंग इथल्याच फाउंड्रीतून घेतो, मशिनिंग करून तयार माल देतो. शिवाय थोडं जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर मजुरीनं काम.

अशा लेखात लोक उलाढालीचा चढता आलेख दाखवतात. चढ आमचाही आहे, पण तो कुठे अडला आणि कुणी अडवला हे सांगितल्याशिवाय आमची गोष्ट पुरी होत नाही. देश वाढला, बाजार वाढला, त्यातला वाटा आम्हालाही मिळाला. राज्यकारभार मात्र त्या वेगानं बदलला नाही. जिथे बदलला तिथे फायदा झाला, हेही कबूल करायला हवं.

आधी भूगोल. बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटर, कोल्हापूर एकशे दहा. आमचं गिऱ्हाईक, आमच्या भाषेत पार्टी, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या कोल्हापूरजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. सकाळी नाश्ता करून निघालं की जेवायच्या आत पार्टीच्या गेटवर. पण कायद्याच्या लेखी बंगळूरला दिलेला माल राज्यातला आणि कोल्हापूरला दिलेला परराज्यातला. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, यावर घराघरात बोललं जातं. मला इथे त्या सीमारेषेचा हिशेब मांडायचा आहे, कारण बिलावर ती रेषा रुपयांत उतरते.

जीएसटीच्या आधी तिचं नाव होतं केंद्रीय विक्रीकर, सीएसटी. दर आधी चार टक्के, २००७ मध्ये तीन, २००८ पासून दोन. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कोल्हापूरच्या कारखानदाराला शिरोलीच्या लेथवाल्याकडून माल घेतला तर भरलेल्या व्हॅटची (राज्याच्या विक्रीकराची) स्वतःच्या करातून वजावट मिळायची, आमच्याकडून घेतला तर सीएसटीची मिळायची नाही. म्हणजे दोघांचा भाव सारखा असला तरी आम्ही दोन टक्क्यांनी महाग. मशिनिंगच्या धंद्यात दोन टक्के म्हणजे कधीकधी सगळा नफाच. आप्पा तेवढं भावात सोडून द्यायचे.

त्यावर पुन्हा सी फॉर्म. कमी दराचा कर लागायचा तो पार्टीनं सी फॉर्म दिला तरच. नाही दिला तर राज्याच्या पूर्ण दरानं फरक आमच्याकडून वसूल. फॉर्म मात्र पार्टीनं तिच्या विक्रीकर कार्यालयातून आणायचा, तोही तिच्या सवडीनं. आप्पा दर तिमाहीला फोन करायचे, "साहेब, तेवढं फॉर्मचं बघा की ओ." पलीकडून ठरलेलं उत्तर, "देऊया की, कुठं पळून चाललोय व्हय?" असेसमेंटच्या, म्हणजे कर तपासणीच्या, तारखेपर्यंत फॉर्मची फाइल पुरी झाली तर आप्पा घरी येताना कुंदा आणायचे. फाइल पुरी झाली नाही तर काय, हे आम्हा पोरांना त्यांच्या जेवणावरून कळायचं.

कोगनोळी-कागलच्या बाजूला सीमेवरच्या नाक्यावर गाड्या उभ्या राहायच्या ते वेगळंच. कर्नाटकानं जकात १९७९ मध्ये बंद करून प्रवेश कर आणला. महाराष्ट्रातल्या शहरांत जकात त्यानंतरही कित्येक वर्षं होती. त्यामुळे आमच्या ड्रायव्हरला दोन राज्यांचे दोन प्रकारचे कागद सांभाळावे लागायचे आणि कागद पुरे असले तरी 'चहापाणी' वेगळं. तो खर्च आमच्या वहीत 'वाहतूक' या खात्यात जायचा.

मी धंद्यात आलो तो काळ बरा होता. १९९१ नंतर परवाने सैल झाले, बाहेरची मशिनं आवाक्यात आली. २००५ नंतरची दोन-तीन वर्षं देशाचा वाढीचा दर नऊ टक्क्यांच्या आसपास होता आणि तो आम्हाला वर्तमानपत्रापेक्षा आधी शेडमध्ये दिसला. ट्रॅक्टर, जेसीबी, क्रेन यांची मागणी वाढली की हायड्रॉलिकची वाढते आणि ती वाढली की बेळगावच्या प्रत्येक शेडमध्ये रात्रपाळी लागते. पुणे-बंगळूर रस्ता सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी झाला. पहिला सीएनसी आम्ही त्याच उत्साहात २००६ मध्ये कर्जानं घेतला. आप्पांना तो पटला नव्हता. "बटणं दाबून कुणी टर्नर होतंय काय?" असं म्हणत ते आठवडाभर त्याच्याकडे फिरकले नाहीत. मग एके दिवशी एक बॉडी हातात घेऊन बोअर गेजनं मापली, दुसरी मापली, तिसरी मापली आणि काही न बोलता चष्मा पुसला.

काम वाढलं तशी माणसं वाढवायची वेळ आली. २०२५ च्या नोव्हेंबरापर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा माणसं झाली की कारखाना म्हणून नोंदणी, परवाना, तपासणी आणि रजिस्टरं लागायची. ईएसआय म्हणजे कामगार विमाही दहाला, पीएफ वीसला. कामगाराला विमा आणि पीएफ मिळायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या एका फिटरच्या बायकोचं ऑपरेशन ईएसआयमुळे झालं. पण नवव्या माणसापर्यंत मोकळीक आणि दहाव्याला पीएफ सोडून सगळं एकदम, या रचनेमुळे आमच्या गल्लीत किती शेड नवावर थांबल्या ते मी पाहिलंय. काहींनी दोन भावांच्या नावावर दोन फर्म काढल्या, मध्ये पत्र्याची भिंत घातली. २०१४ मध्ये 'मेक इन इंडिया' आलं, तेव्हा देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तो अजून सोळा-सतराच्या आसपासच घुटमळतोय. कारणं तज्ज्ञ सांगतील. त्यातलं एक कारण त्या पत्र्याच्या भिंतीत आहे असं माझं मत.

आम्ही दहावा माणूस घेतला. कन्सल्टंटची महिन्याची फी सुरू झाली, रजिस्टरांचं कपाट आलं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याला शिव्या देणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत, पण सीमेवरच्या धंदेवाल्यानं तरी देऊ नयेत. सी फॉर्म गेला. दोन टक्क्यांची भिंत गेली. कोल्हापूरच्या पार्टीला आता आमच्या बिलावरच्या आयजीएसटीची (परराज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीची) पूर्ण वजावट मिळते, शिरोलीचा लेथवाला आणि आम्ही एका ओळीत आलो. नाक्यावरच्या रांगा गेल्या. एवढा सरळ फायदा मला सरकारच्या दुसऱ्या कुठल्या निर्णयानं झाला नाही.

पण रेषा पुसली गेली नाही, संगणकात जाऊन बसली. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, ही सवलत राज्यातल्या राज्यात विकलं तरच. परराज्यात एक नगही विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी. छोट्यांनी ठरावीक टक्क्यानं कर भरायची कंपोझिशनची सोपी योजनाही परराज्यात माल देणाऱ्याला बंद. आता निपाणीच्या छोट्या पत्राकाम करणाऱ्याचं बघा. कागल त्याला वीसेक किलोमीटर, चारचाकीनं अर्धा तास. तिथे विकलं तर त्याला नोंदणी, रिटर्न, अकाउंटंट, सगळं. तोच माल त्यानं पावणेसहाशेच्या आसपास किलोमीटरवर बंगळूरला नेला तर काही नाही. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात परराज्य म्हणजे लांब आणि परराज्यात विकणारा म्हणजे मोठा असावा. निपाणी, चिकोडी, खानापूर त्यांच्या नकाशात कधी आलं नसावं.

ई-वे बिलाचंही, म्हणजे माल वाहून न्यायच्या ऑनलाइन कागदाचंही, तसंच. एरवी पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ते लागतं. पण मालकानं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला पाठवलेला माल कितीही किमतीचा असो, ई-वे बिल हवंच. कोल्हापूरच्या पार्टीनं चार बॉडी चाचणीसाठी पोत्यात घालून पाठवल्या तरी हवंच. पार्टीचा स्टोअरवाला सुट्टीवर असला की पोतं तिथंच राहतं आणि आमचं मशीन इथं उभं.

नोटिशीचं एक सांगतो. २०१७-१८ या वर्षाबद्दलची नोटीस आम्हाला काही वर्षांनी आली. आम्ही कास्टिंग घेतलं होतं, बिल होतं, पैसे बँकेतून दिले होते, मालही त्यापासूनच केला होता. पुरवठादारानं त्या महिन्याचं रिटर्न भरलं नव्हतं, म्हणून त्या खरेदीवरच्या कराची वजावट आमची नाही. करबुडवा तो, नोटीस आम्हाला. २०२२ च्या डिसेंबरात परिपत्रक निघालं की सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी, दोघांच्या नोंदीतल्या पाच लाखांपर्यंतच्या फरकाला पुरवठादाराचं प्रमाणपत्र चालेल. सोय चांगली होती. पण तो पुरवठादार करोनात बंद पडला होता, शेडला दुसऱ्याची पाटी. अपील करायचं तर पुढचा न्यायाधिकरणाचा टप्पा कायद्यात होता, प्रत्यक्षात नव्हता. जीएसटीचं अपील न्यायाधिकरण सुरू व्हायला २०२५ उजाडलं. म्हणजे आठ वर्षं देशभर कर वसूल होत होता आणि वादाची दुसरी पायरी बांधलीच नव्हती. थेट उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जायचं तर वकिलाची फी करापेक्षा जास्त. सीए म्हणाले, "भरा आणि झोपा." व्याज आणि दंड माफीची योजना आली तेव्हा मूळ कर भरून ते प्रकरण मिटवलं. आम्ही तो कर दोनदा भरला असं अजूनही माझं म्हणणं आहे.

यापेक्षा जास्त माणसं मोडतात ती उधारीनं. आमच्या मालावर १८ टक्के जीएसटी. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात कर भरावाच लागतो, पार्टीचे पैसे नव्वद-शंभर दिवसांनी. तोवर सरकारचं देणं आम्ही सीसी खात्यातून, म्हणजे बँकेच्या उचलीतून, व्याजानं भागवतो. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायला सांगितलंय. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. त्या व्याजाचं बिल लावलेला एकही लघुउद्योजक मला अजून भेटलेला नाही. लावलं तर व्याज मिळेलही, पुढची ऑर्डर मिळणार नाही.

मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. पार्टीनं लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही आणि वर्ष संपलं तर त्या वर्षी तो खर्च तिला वजा मिळणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आयुष्यात पहिल्यांदा पार्ट्यांनी आपणहून फोन करून पैसे दिले. त्याच महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातून एक वेगळा फोन आला. "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करून घेता का? आम्हाला सोपं पडेल." उद्यम म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंदणी. मी नाही म्हटलं. ते गिऱ्हाईक तुटलं नाही, पण आता माल पोचल्यावर 'स्वीकारला' हा शिक्का उशिरा पडतो. दिवस ते मोजतात त्या शिक्क्यापासून. कायदा करणारे हुशार, पाळणारे त्यांच्याहून हुशार.

२०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला. हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे कर्नाटकाच्या बसवर काळं फासलं गेलं, एसटी बंद झाली. आमचा माल थोडा अडकला, मग सुटला, नुकसान विशेष नाही. पण कोल्हापूरच्या एका जुन्या साहेबांनी विचारलं, "पाव्हणं, माल वेळेत येईल ना?" आणि त्या वर्षी एका आयटमचा निम्मा कोटा शिरोलीला गेला. भाव आमचाच कमी होता. हे नुकसान कुठल्याच कागदावर दिसत नाही. सीएसटीचे दोन टक्के निदान कागदावर तरी दिसायचे.

लोक विचारतात, कागलच्या एमआयडीसीत शेड का घेत नाही? फाउंड्री इथे, हीट ट्रीटमेंट इथे, गेज दुरुस्त करणारा बेळगावच्याच अनगोळात. आमचे टर्नर कन्नडमध्ये भांडतात आणि मराठीत समेट करतात, किंवा उलट. त्यांना घेऊन मी कुठे जाणार? वसाहतीतल्या आमच्या गल्लीतला रस्ता दोन कार्यालयं एकमेकांकडे ढकलतात, म्हणून पावसाळ्याआधी मुरूम आम्हीच वर्गणी काढून टाकतो. महामार्ग सहापदरी होतोय आणि तिथपर्यंतचा शेवटचा किलोमीटर आमच्या खर्चानं.

सध्या दुसऱ्या व्हीएमसीचं कोटेशन टेबलावर आहे. कोल्हापूरची पार्टी दोन वर्षांचं शेड्यूल देतो म्हणते. लेखी द्या आणि त्यात ४५ दिवस लिहा, यावर मी अडून बसलोय. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. बँकेला मात्र कोटेशनची मुदत संपायच्या आत कागद हवेत.