बॉयलर मोठा नको, मापाचा हवा

घर उबदार ठेवण्यासाठी बॉयलर (पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरमधून, म्हणजे उष्णता देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधून, फिरवणारे यंत्र) घेताना "थोडा मोठाच असू द्या" असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकायला सुरक्षित वाटतो. पण या निवडीतली सर्वांत महाग चूक मी त्यालाच मानतो, कारण मोठेपणाची किंमत खरेदीच्या दिवशी एकदाच नव्हे, तर पुढे प्रत्येक हिवाळ्यात मोजावी लागते.

बॉयलरचे माप खोल्या किंवा रेडिएटर मोजून ठरत नाही, तर घरातून बाहेर निसटणाऱ्या उष्णतेवरून ठरते. आत 20 अंश आणि बाहेर उणे 5 अंश सेल्सिअस असताना 20 चौरस मीटरच्या, उष्णतारोधक थर नसलेल्या भिंतीतून सुमारे 750 वॉट उष्णता जाऊ शकते. तीच भिंत चांगली मढवली, तर हा आकडा 150 वॉटच्या आसपास येतो. भिंती, खिडक्या, छत, जमीन आणि फटींतून येणारी थंड हवा यांची अशी बेरीज केली की घराची खरी गरज कळते. म्हणूनच भिंती आणि छत मढवायचे मनात असेल, तर ते काम आधी आणि बॉयलर नंतर, हा क्रम मी आग्रहाने सांगतो.

समजा ही बेरीज 8 किलोवॉट आली. बाहेर 8 अंश असलेल्या सौम्य दिवशी त्याच घराला जेमतेम 4 किलोवॉट पुरतात, आणि हिवाळ्यातले बरेचसे दिवस असेच असतात. बॉयलर 6 किलोवॉटच्या खाली मंद होऊ शकत नसेल, तर तो सतत पेटत-विझत राहतो, त्याचे भाग झिजतात आणि इंधन वाया जाते. म्हणून माहितीपत्रकातल्या कमाल क्षमतेआधी किमान क्षमता पाहावी. कंडेन्सिंग बॉयलरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: गॅसच्या धुरातल्या वाफेचे पाणी होताना मिळणारी उष्णता त्याला नीट वापरता येते ती रेडिएटरमधून परत येणारे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तेव्हाच.

नळाला तत्काळ गरम पाणी देणाऱ्या कॉम्बी बॉयलरचा हिशेब वेगळा आहे. मिनिटाला 10 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला सुमारे 24 किलोवॉट लागतात. म्हणजे तो मोठा असतो तो नळासाठी, खोल्यांसाठी नव्हे. अशा वेळी खोल्या तापवण्याची क्षमता वेगळी कमी करून ठेवता येते का, हे बसवणाऱ्याला जरूर विचारावे.

थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे खोलीचे तापमान पाहून बॉयलरला आदेश देणाऱ्या यंत्रात, मला वेळापत्रक आणि मोबाइलपेक्षा महत्त्वाचे वाटते ते त्याचे बॉयलरशी असलेले नाते. साधा थर्मोस्टॅट फक्त चालू किंवा बंद एवढेच सांगतो. मॉड्युलेटिंग थर्मोस्टॅट किती तापमानाचे पाणी हवे हे सांगतो, आणि बाहेरच्या हवेचा संवेदक जोडला तर थंडीनुसार ते तापमान आपोआप बदलते. मात्र दोन्ही यंत्रांना एकमेकांची भाषा समजते ना, याची खात्री खरेदीपूर्वी करावी, नाहीतर महागडा थर्मोस्टॅटही नुसत्या बटणाचेच काम करतो.

थर्मोस्टॅट जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, ऊन, वाऱ्याचा झोत आणि रेडिएटर यांपासून दूर लावावा. त्या खोलीच्या रेडिएटरवरची स्वयंचलित झडप पूर्ण उघडी ठेवावी, कारण ती आधीच मिटली तर खोली ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही, आणि थर्मोस्टॅट मात्र बॉयलरकडे उष्णता मागतच राहतो.