माझं आपलं नेहमीचंच

२५ डिसेंबर, रात्री उशिरा

सगळे झोपले. मला झोप येत नाही. कारण इतकं बारीक आहे की त्यासाठी कुणाला उठवावं असं नाही, म्हणून वही काढली.

जेवणं झाल्यावर ताईने सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, प्रत्येकाने या वर्षातली आपली एक आनंदाची गोष्ट सांगायची. दर नाताळला ती असं काहीतरी काढते आणि मला ते आवडतं. दादाचं घर झालं. थोरलीला हवा होता तिथेच प्रवेश मिळाला. वहिनीने तिच्या परीक्षेचं सांगितलं आणि सांगता सांगता तिचा आवाज भरून आला, तेव्हा आम्हा सगळ्यांचेच डोळे ओले झाले. मग माझी पाळी आली. मी बोलायला तोंड उघडलं आणि हाताशी काहीच लागेना. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हटलं, "माझं आपलं नेहमीचंच." ताई मायेने हसली आणि पुढच्याकडे वळली.

एवढंच झालं. कुणी लावून बोललं नाही, कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. पण तेव्हापासून आत काहीतरी सलतंय.

घरी आल्यावर फोनमधले वर्षभराचे फोटो बघत बसले. म्हटलं, काहीतरी असेलच, मलाच ऐन वेळी सुचलं नसेल. जानेवारीतलं लग्न आहे, पण ते दुसऱ्यांचं. त्यानंतर नुसते कागद. बिलं, अर्ज, कुणाकुणाचे पत्ते, मार्चमधली ती रिपोर्टची पानं. ती पुसून टाकायची राहूनच गेली आहेत. असो. धाकटीचे फोटो आहेत, पण ते तिचे. माझं वर्ष म्हणून कुणापुढे ठेवावं असं त्यात काही सापडलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं. या वयात वर्षं काही ढिगाने येत नाहीत. एक अख्खं येऊन गेलं आणि चार माणसांत सांगावा असा एक प्रसंग नाही. बाकीच्यांच्या ओंजळी भरलेल्या, आणि मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारी. हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण राहू दे. त्या वेळी तसंच वाटलं होतं.

आता तासाभराने मन थोडं शांत झालंय, तर एक प्रश्न विचारते. या वर्षी मी सुखात नव्हते का?

होते. मनाची समजूत घालायला म्हणत नाही. मार्च सोडला तर होते, आणि मार्चमध्येसुद्धा अधूनमधून होते.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठले की मिळणारी ती वेळ. दिवा न लावता खिडकीशी बसायचं आणि उजाडताना बघायचं. कुणाला काही हवं नसतं, कुणी हाक मारत नाही. ही वेळ मला जवळपास रोज मिळाली आणि तिचा कंटाळा कधी आला नाही.

वरच्या मजल्यावरचा मुलगा व्हायोलिन शिकतो. वर्षाच्या सुरुवातीला तो एका ओळीत दर वेळी त्याच जागी अडखळायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ती जागा जवळ आली की मी हातातलं काम थांबवून श्वास धरून उभी राहायचे. सप्टेंबरात कधीतरी तो ती ओलांडून पुढे गेला. नेमकं कोणत्या दिवशी ते मला माहीत नाही. एकदा लक्षात आलं की हल्ली सगळी धून सलग ऐकू येते आणि आपण केव्हापासून तरी नुसत्या ऐकतो आहोत. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी जिन्यापर्यंत गेले होते त्याला सांगायला. मग संकोच वाटून परत आले.

संध्याकाळी दाराशी चपला काढल्याचा आवाज. धाकटी भिरकावते, हा शेजारी शेजारी नीट ठेवतो, आणि ज्या दिवशी याच्या चपला वाजतात त्या दिवशी आधी काही विचारायचं नसतं. आवाजावरून एवढं कळतं याचंसुद्धा मला सुख वाटतं. उन्हातून काढून आणलेले कपडे घडी करण्याआधी क्षणभर छातीशी धरणं. दिवा मालवल्यानंतरचं आमचं दोघांचं बोलणं, ज्यात कधीकधी इतकं हसू येतं की उशीत तोंड दाबावं लागतं, आणि सकाळी कशावर हसलो ते दोघांनाही आठवत नाही.

आणि डिसेंबरातलं ऊन. सूर्य खाली झुकतो तसं ते खिडकीतून आत आत येत जातं, आता पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या फळीपर्यंत पोचतं. जूनमध्ये तेच खिडकीच्या चौकटीत अडतं. २१ डिसेंबरच्या आसपास सगळ्यात लहान दिवस असतो हे आपण सगळेच शाळेत शिकतो, पण सगळ्यात लवकर होणारा सूर्यास्त त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सगळ्यात उशिराचा सूर्योदय मात्र त्यानंतर येतो. म्हणजे सकाळी अजून उशिरा उजाडत असतं तेव्हा दुसऱ्या टोकाला संध्याकाळ लांबायला लागलेलीच असते, रोज काही सेकंदांनी. नाताळ येईपर्यंत ते पुष्कळ पुढे गेलेलं असतं. हे कळल्यापासून दर वर्षी या दिवसांत मी संध्याकाळी खिडकीशी थोडी जास्त थांबते.

आता यातलं ताईला काय सांगणार होते? गोलात बसून "मला यंदा ऊन मिळालं" असं म्हणायचं? यातल्या कशालाच तारीख नाही. सुरुवात नाही, घडलं असं म्हणता येईल असं काही नाही. दादाच्या घराची वास्तू एका दिवशी हातात आली. माझं काहीही एका दिवशी आलं नाही.

मॅरिगोल्ड लिंटन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल मागे कुठेतरी वाचलं होतं, आज त्याच डोक्यात घोळताहेत. त्यांनी १९७२ पासून सहा वर्षं रोज आपल्या दिवसातल्या किमान दोन गोष्टी लिहून ठेवल्या, आणि दर महिन्याला त्यातल्या काही नोंदी उचलून स्वतःचीच परीक्षा घेतली. हे आठवतं का? आधी काय झालं, नंतर काय? पाच हजारांहून जास्त नोंदी जमल्या. त्यांना असं आढळलं की पहिल्यांदा घडलेली गोष्ट वेगळी उभी राहते, पण तीच पुन्हा पुन्हा घडत गेली की एकीला दुसरीपासून सोडवता येत नाही. एका समितीच्या बैठकांना त्या वरचेवर जात. पहिली लख्ख आठवायची. पुढच्या सगळ्या मिळून एकच झाल्या. बैठक म्हणजे साधारण काय असतं तेवढं उरलं, कुठली कधीची ते गेलं.

हे वाचलं तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं. आज वाटतं, हे माझ्याबद्दलच आहे. जी गोष्ट जितक्या जास्त वेळा मिळाली तितकी ती वर्षाच्या शेवटी कमी दिसते. ती सकाळची खिडकी मला एकदाच, कुठल्या प्रवासात मिळाली असती, तर मी आज ती सांगितली असती आणि सगळ्यांनी "वा" म्हटलं असतं. रोज मिळाली म्हणून ती बोलताना हाताशी आली नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. कुणाशी भांडू ते कळत नाही.

नानांचे फोनही त्यातलेच.

दुपारी यायचा. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही, एकदम "आडवं सात, पाच अक्षरी, शेवटी र". शब्दकोडं त्यांचं, पण दोन-तीन शब्द ते माझ्यासाठी राखून ठेवायचे असा मला दाट संशय होता. मला उत्तर आधी सुचलं तरी मी गप्प राहायचे, कारण त्यांना स्वतःला सापडलं की ते जे "हां" म्हणायचे ते मला ऐकायचं असायचं. मग फोन खाली. सगळं मिळून दोन मिनिटं. जुलैपर्यंत.

शेवटचा शब्द कोणता होता ते मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलंय. त्यांच्याकडच्या रद्दीत तो अंक शोधावा असंही एकदा मनात आलं होतं. पण त्या दुपारी तो फोन शेवटचा आहे असं काहीच त्यात नव्हतं, तो आदल्या दिवशीसारखाच होता आणि म्हणून आदल्या दिवसांत मिसळून गेला. आज ताईकडे त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. मीसुद्धा नाही. त्यावर आत्ता लिहीत नाही.

मधे वाटलं, पुढच्या वर्षी रोज एक ओळ लिहावी. आनंदाची, तारखेसकट. म्हणजे पुढच्या नाताळला कुणी विचारलं तर वही उघडून वाचून दाखवता येईल. त्याचा उपयोगही होतो म्हणतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोघांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि काहींना त्रासाच्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदर जास्त बरं वाटलं. माझा यावर विश्वास आहे. तरी मी ते करणार नाही बहुतेक. खिडकीशी वही घेऊन बसले तर ती वेळ वहीची होईल. आणि ऊन कपाटापर्यंत आलं हे लिहायला उठले तर ते बघायचं राहील.

काल रात्री लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचला, दर वर्षी वाचतात तो. नावनोंदणी, उतारशाळेत जागा नाही, गव्हाणी, रात्री कळपाची राखण करणारे मेंढपाळ. एवढं वाचून पुस्तक मिटायची सवय आहे. आज झोप येईना म्हणून तोच अध्याय पुढे वाचत गेले. मंदिरातले ते दोघं म्हातारे येतात. मग एकदम बारा वर्षांनंतरचा यरुशलेममधला प्रसंग, मुलगा हरवतो आणि सापडतो. तो आईबापांबरोबर नासरेथला परत जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो, वाढतो. आणि पुढच्या अध्यायात तो सुमारे तीस वर्षांचा आहे.

मी मागे-पुढे पानं उलटून पाहिली. मधली सगळी वर्षं दोन ओळींत मावली आहेत. बाकीच्या शुभवर्तमानांत तेवढंही नाही. मार्क आणि योहान तर जन्माचीही गोष्ट सांगत नाहीत. त्या घरात सकाळी आधी कोण उठायचं, कुणाची पावलं ओळखू यायची, रात्री कशावरून हसणं व्हायचं, काहीच कुणी लिहिलेलं नाही. एका माणसाच्या आयुष्यातला एवढा मोठा भाग, ज्या माणसाच्या जन्मदिवसासाठी आज आम्ही सगळे जमलो होतो त्याच्या आयुष्यातला, आणि त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पण ती वर्षं रिकामी गेली असं मला एकदाही वाटलं नाही, वाचताना नाही आणि आत्ताही नाही. उलट वाटलं, बरीच सुखाची गेली असतील.

लूक फक्त एक गोष्ट सांगतो आणि ती दोनदा सांगतो: त्याच्या आईने, मरियेने, हे सगळं आपल्या मनात जपून ठेवलं. मेंढपाळ येऊन गेल्यावर एकदा, आणि नासरेथला परतल्यावर पुन्हा. पहिल्या वेळेचं समजू शकते, तेव्हा जपून ठेवावं असं मोठं घडलं होतं. दुसऱ्या वेळी मी बराच वेळ थांबले. कारण त्यानंतर येतात ती नेहमीची वर्षं.

तिलाही सगळ्या सकाळी वेगवेगळ्या आठवत नसणार. एकच सकाळ उरली असेल, पुष्कळ सकाळी मिळून झालेली. मलाही नानांचा शेवटचा फोन आठवत नाही, पण फोन आठवतो. घसा साफ करणं, मग पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवल्याचा टक असा आवाज, मग आडवं की उभं. सगळे फोन एकमेकांत गेले आहेत म्हणूनच तो इतका स्वच्छ ऐकू येत असेल. लिंटनबाईंना हे म्हणायचं होतं का माहीत नाही. मला मात्र हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नानांची आठवण येऊन बरं वाटलं.

ताईवर माझा राग नाही, तो आधीही नव्हता. तिने एक गोष्ट सांगायला सांगितली होती आणि माझ्याकडे एक नव्हती, इतकंच. पण आता लिहिताना आई सारखी डोळ्यांसमोर येते आहे. तिला मी रोज फोन करते आणि रोज तेच विचारते. गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे, काल झोप लागली का. मग ती म्हणते, बाकी काय? मी म्हणते, काही नाही. ती म्हणते, माझंही काही नाही. तिचं हे पहिलंच वर्ष आहे असं. तिच्या दुपारचं मी एकदाही विचारलेलं नाही. त्या वेळेला ती आता कुठे बसते, रेडिओ लावते का, वर्तमानपत्र अजून चालू ठेवलंय ते कोण वाचतं. त्यात तिला काही बरं वाटतं का.

उद्या गोळीचं शेवटी विचारेन, आधी हे. ती पहिल्यांदा म्हणेल, तुला आज काय झालंय. मग मी तिला वरच्या मुलाच्या व्हायोलिनचं सांगेन, सगळं, त्या अडखळण्याच्या जागेपासून. तिला अशा गोष्टी ऐकायला आवडतात. मग कदाचित तीही तिचं काही सांगेल.