ओव्हरचा कागद आणि 'चर्चा करावी' हा शेरा: माझा अनुभव

ड्युटी बदलताना पेशंट नीट सोपवायला, म्हणजे आमच्या भाषेत ओव्हर द्यायला, शिकणे अवघड नाही. आमच्या वॉर्डातल्या बहुतेक सिस्टर ते एका दुपारच्या प्रशिक्षणात शिकल्या आणि थोड्याच दिवसांत सरावल्या. अवघड होते ते त्यासाठी लागणाऱ्या एका पानाच्या नमुन्याला मान्यता मिळवणे. दिवाळीनंतर दिलेला अर्ज पोळा आला तरी टेबलाटेबलांवरून फिरतच होता, आणि त्या काळात झालेला मनस्ताप अजून पुरता ओसरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, महिला मेडिसिन वॉर्डात मी अधिपरिचारिका आहे. ज्यांना आपल्या वॉर्डात असे काही सुरू करायचे आहे, त्यांचे तरी हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

आम्हांला शिकवलेली पद्धत आयएसबार नावाने ओळखली जाते: आधी ओळख, मग सध्याची स्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज आणि शेवटी आपली शिफारस, याच क्रमाने बोलायचे. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत आहे, आणि कैसर पर्मनन्टे या अमेरिकी आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयांत रुजवली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी जे नऊ उपाय सुचवले, त्यांत पेशंट सोपवतानाचा संवाद हा एक आहे, आणि आपल्याकडच्या राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांतही ड्युटी बदलताना पेशंट सोपवण्याची ठरलेली पद्धत असावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे आम्ही काही जगावेगळे मागत नव्हतो.

आमची ओव्हर तोपर्यंत खाटेच्या क्रमांकावर चालत असे: "सातला सलाईन चालू आहे, नऊची शुगर करायची, अकराला रक्त लावायचे." कागदावर हे ठीक दिसते, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला आणि कूलरसमोरची खाट रिकामी झाली, की पेशंट आपली पिशवी आणि पाण्याची बाटली उचलून स्वतःच तिथे जाऊन निजतात. नऊची बाई तीनवर जाते आणि ओव्हर मात्र नऊचीच राहते. अशाच एका संध्याकाळी इन्सुलिनची सिरिंज भरून सिस्टर खाटेपाशी पोहोचली, तेव्हा उशाशी बसलेली मुलगी म्हणाली, "आमच्या मायला साखर न्हाई बाई, साखरेवाली तिकडं खिडकीपाशी गेली." त्या मुलीमुळे ते इंजेक्शन टळले. त्या दिवसापासून वॉर्डात नाव आणि नोंदणी क्रमांक या दोन्ही खुणा पटल्याशिवाय औषध द्यायचे नाही असे ठरले, आणि त्या खुणा ओव्हरमध्येच लिहिल्या जाव्यात म्हणून मी तो एक पानी नमुना तयार केला.

अधिसेविका (मेट्रन) मॅडमनी त्यावर त्याच दिवशी सही केली. तिथून नस्ती (फाइल) कार्यालयात गेली आणि खरी कथा सुरू झाली. आवक क्रमांक पडल्यावर पहिला प्रश्न आला, की याचा नमुना क्रमांक कोणता. मी सांगितले, की नमुना नवीन आहे, त्यामुळे क्रमांक नाही. त्यावर टेबलावरचे गृहस्थ अगदी सौजन्याने म्हणाले, "सिस्टर, तुमचं काम चांगलंच आहे हो, पण क्रमांकाशिवाय नमुना मंजूर करता येत नाही, अन् नमुना मंजूर झाल्याशिवाय क्रमांक देता येत नाही." त्यांच्या बोलण्यात टिंगल नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला, टिंगल असती तर भांडता तरी आले असते.

मग नस्ती अभिप्रायासाठी अभिलेख कक्षाकडे गेली. तिथे अभिप्राय पडला, की प्रत्येक पेशंटमागे दररोज तीन पाने वाढल्यास केसपेपर जाड होतील आणि ठेवायला जागा नाही. हा मुद्दा खरा होता, हे मी मान्य करते. त्या खोलीत गठ्ठ्यांच्या वाटेने आडवेच चालावे लागते. म्हणून मी तीन पाळ्यांचे रकाने एकाच पानावर बसवले. नमुना बदलला म्हणून अधिसेविकांची सही पुन्हा लागली, आणि तोवर लेखा शाखेने विचारले होते, की छपाईचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा. याचे उत्तर वॉर्डातल्या सिस्टरकडून का अपेक्षित आहे, असे मी विचारले, तेव्हा 'प्रस्ताव तुमचा आहे' एवढेच उत्तर मिळाले. मध्यंतरी टेबलावरचे गृहस्थ बदलून गेले, आणि नव्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो नमुना क्रमांकाचाच.

सर्वांत जास्त काळ नस्ती ज्या शेऱ्यापाशी अडली, तो शेरा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. टिपणीच्या समासात हिरव्या शाईने दोनच शब्द होते: 'चर्चा करावी'. कोणी, कोणाशी आणि केव्हा, याचा पत्ता नव्हता. मी रात्रपाळी संपवून, न झोपता, सकाळी दहा वाजता शेरा मारणाऱ्या साहेबांच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसत असे. साहेब कधी बैठकीला गेलेले असत, कधी जिल्ह्याच्या दौऱ्यावर, आणि आत असले तर बाहेरच्या शिपाईमामांना 'सिस्टर कशासाठी आल्या आहेत' हे सांगण्यात वेळ जात असे. एकदा चर्चा झालीसुद्धा. साहेबांनी नमुना वाचला, चांगला आहे म्हणाले, आणि गुणवत्ता समितीपुढे ठेवा म्हणून सांगितले. समितीच्या पुढच्या बैठकीला सदस्य पुरेसे जमले नाहीत, त्याच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आमचा विषय यायचा राहिला, आणि शेऱ्याखाली 'चर्चा झाली' असे कोणी लिहिले नसल्यामुळे नस्ती पुन्हा त्याच दालनाबाहेर येऊन थांबली. या सगळ्या काळात सिस्टर जुन्या तपासणी फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर आयएसबार लिहीत होत्या, आणि ते कागद अधिकृत नाहीत म्हणून रोज सकाळी केराच्या डब्यात जात होते.

या गुंत्यातून वाट काढली ती निवृत्तीला आलेल्या आमच्या इनचार्ज बाईंनी. त्या मला म्हणाल्या, "कागद कशाला मागतीस? कागद तर हायच की. त्याच्यावर शिक्का मार." केसपेपरमध्ये नर्सेस नोट्सचे पान आधीपासून आहे, ते मंजूर आहे, त्याला क्रमांकही आहे, आणि त्यावर आयएसबारच्या पाच ओळींचा रबरी शिक्का उमटवून आत लिहायला कोणाच्याही मान्यतेची गरज नाही. सादिलवार (किरकोळ) खर्चातून शिक्का तयार झाला, आणि जे काम ऋतूमागून ऋतू अडले होते ते त्याच आठवड्यात सुरू झाले. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की नवा नमुना मागू नका. असलेल्या पानात जागा शोधा.

दुसरी गोष्ट मला नंतर लक्षात आली, पण ती आधी करायला हवी. ज्याला कोणाचीच मान्यता लागत नाही, ते पहिल्या दिवशी उरकून घ्या. पोटॅशियम क्लोराईडचे दहा मिलिलिटरचे अँप्यूल आणि त्याच मापाचे स्टराईल वॉटरचे अँप्यूल आमच्या ट्रेमध्ये शेजारी असत. पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेतून गेले तर हृदय बंद पडू शकते. ते उघड्या ट्रेमधून काढून लाल पट्टी लावलेल्या कुलूपबंद कपाटात ठेवायला आम्हांला फक्त एक किल्ली लागली. इन्सुलिनचेही तसेच: मिलिलिटरला चाळीस युनिटच्या व्हायलला (छोट्या बाटलीला) लाल टोपीची सिरिंज आणि मिलिलिटरला शंभर युनिटच्या व्हायलला नारिंगी टोपीची, आणि दोन्ही कधीही एका डब्यात ठेवायच्या नाहीत. शंभरच्या व्हायलमधले औषध लाल टोपीच्या सिरिंजने भरले तर डोस अडीचपट होतो.

शिक्क्यातल्या पाच ओळींपैकी पहिल्या तीन सगळ्यांनी भराभर भरल्या. शेवटच्या दोन, म्हणजे अंदाज आणि शिफारस, बरेच दिवस कोऱ्या राहत. सिस्टरने बीपी सांगावा, मत सांगू नये, हेच आम्हांला वर्षानुवर्षे शिकवले गेले आहे, त्यामुळे रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरांना 'माझ्या मते' म्हणताना ज्येष्ठ सिस्टरचीही जीभ अडखळते. शेवटी आम्ही एक वाक्यच पाठ केले: "सर, महिला मेडिसिनमधून सिस्टर बोलते आहे. पेशंटचे नाव आणि नोंदणी क्रमांक सांगते. जुलाब-उलट्यांसाठी काल भरती झाल्या आहेत. बीपी ८४/५०, पल्स १२८, चार तासांत लघवी ४० मिलिलिटर. पेशंट शॉककडे चालल्या आहेत असे मला वाटते. आपण आत्ता येऊन पाहावे. तोपर्यंत रिंगर लॅक्टेटचे सलाईन सुरू करू का?" (शॉक म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडण्याची गंभीर अवस्था.) यातला 'आत्ता' हा शब्द गाळू नये. 'पेशंट जरा लो वाटते' असा फोन केला, तर उत्तर 'बघतो' असेच येते.

फोनवर मिळालेला आदेश लिहून घ्यावा, लिहिलेला वाचून दाखवावा आणि समोरून होकार आल्यावरच औषध भरावे. डॉक्टर 'फिफ्टीन' म्हणाले की 'फिफ्टी', हा प्रश्न 'एक-पाच की पाच-शून्य' असा विचारला की संपतो. काही निवासी डॉक्टर सुरुवातीला यावर चिडले. एकाने तर 'ऐकू येत नाही का' असे विचारले. त्यांनाही शिक्क्याच्या शेवटच्या ओळीखाली सकाळी सही करावी लागते, हे कळल्यावर ते स्वतःच सावकाश बोलू लागले.

शिक्का चालू होऊन बराच काळ लोटल्यावर कार्यालयाकडून पत्र आले: 'नमुन्यास तत्त्वतः मान्यता देण्यात येत असून छपाईची मागणी पुढील आर्थिक वर्षात नोंदवावी.' मी ते पत्र नस्तीला लावले आणि मागणी नोंदवली नाही. शेजारच्या दोन वॉर्डांनी आता आमच्यासारखाच शिक्का मागवला आहे. त्यांना मी एवढेच सांगितले, की सध्याच्या स्थितीची ओळ आमच्यापेक्षा रुंद ठेवा, कारण आमच्या शिक्क्यात बीपी आणि पल्स लिहिल्यावर लघवीच्या मापाला जागा उरत नाही.