झोआंवरची कीड आणि कोपऱ्यातला छोटा टँक

गेल्या मे महिन्यात माझ्या समुद्री पाण्याच्या टँकमधील झोआंची, म्हणजे फुलासारख्या उघडमीट करणाऱ्या छोट्या प्रवाळांची, एक वसाहत सलग तीन दिवस मिटून राहिली, तेव्हा मी सगळा दोष सोलापूरच्या उन्हाला दिला. बाहेर पारा ४३ अंशांवर होता, दुपारी दोन तास वीज गेलेली आणि पाण्याचे तापमान २६ वरून २९ अंशांवर चढलेले, त्यामुळे दुसरे काही कारण असेल असे मनातही आले नाही. पुढे तापमान उतरले, विशिष्ट गुरुत्व १.०२५ भरले, शेजारचे मशरूम प्रवाळ पूर्ववत फुलले, तरी ती एक वसाहत काही उघडेना. चौथ्या रात्री घरातले दिवे मालवून, लाल जिलेटिन लावलेल्या विजेरीने पाहिले, तर हिरव्या पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतल्या एका फुलाच्या, देठाशी तितक्याच हिरव्या रंगाचे काहीतरी सरकत होते.

ती झोआ खाणारी न्युडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय, होती. झोआच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल ती आपल्या पाठीवरच्या तंतूंमध्ये साठवते, त्यामुळे जी वसाहत खाईल तिचाच रंग घेते आणि दिवसा डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. भिंगातून पाहताना देठाच्या मुळाशी एक पांढरट, चकलीसारखी गुंडाळी आढळली. ती तिची अंडी होती.

चूक माझीच होती. नवा फ्रॅग, म्हणजे वसाहतीचा कापलेला तुकडा, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास करून सकाळी घरी पोहोचला होता. नवे प्रवाळ काही दिवस वेगळे ठेवून पाहण्यासाठी कोपऱ्यात जो छोटा टँक आहे, त्याचा पंप बिघडलेला होता आणि एवढ्या उन्हात फ्रॅगला बादलीत ठेवण्याचा धीर मला झाला नाही. म्हणून आयोडीनच्या द्रावणात दहा मिनिटे डिप देऊन, म्हणजे बुडवून ठेवून, तो थेट मुख्य टँकमध्ये ठेवला. डिप दिला म्हणजे कीड गेली, या समजुतीत मी निर्धास्त राहिलो. डिपमुळे हालचाल करणारा जीव बहुधा सुटून खाली पडतो, पण अंड्यांवर त्याचा भरवसा ठेवता येत नाही.

हे मला नीट समजले ते सांगोल्याच्या मामांमुळे, ज्यांनी समुद्री टँक आयुष्यात एकदाच, तोही माझाच, पाहिला आहे. त्यांची डाळिंबाची बाग आहे. पिठ्या ढेकणाची अंडी कापसासारख्या मेणचट आवरणात असतात आणि फवारा तिथवर पोहोचत नाही, हे त्यांना पाठ आहे. फोनवर माझी रडकथा ऐकून ते एवढेच म्हणाले, “पिल्लं बाहेर पडली की दुसरी फवारणी घ्यायची. एका फवारणीत कधी भागलंय का?”

त्यानंतर मी मुख्य टँकमधील प्रत्येक झोआ वसाहत बाहेर काढली, कारण खाद्य नसेल तर तिथे उरलेली न्युडिब्रँक उपाशी मरते. जुने फ्रॅग प्लग, म्हणजे तुकडे चिकटवलेल्या छोट्या बैठका, सरळ फेकून दिले, कारण अंडी बहुतेकदा त्यांच्या खाचांत आणि खालच्या बाजूला असतात. देठांवरच्या गुंडाळ्या मऊ टूथब्रशने घासून काढल्या. मग दर सहाव्या दिवशी, टँकच्याच तापमानाच्या आणि क्षारतेच्या पाण्यात आयोडीनचा डिप द्यायचा, सुई काढलेल्या सिरिंजने फटींत पाण्याचा झोत मारायचा आणि ते पाणी पांढऱ्या ताटात ओतून भिंगाने पाहायचे, असा क्रम ठेवला. तिसऱ्या डिपनंतर ताटात तांदळाच्या कणीएवढी दोन पिल्ले सापडली. पहिल्या डिपवर थांबलो असतो, तर हीच पुन्हा मोठी झाली असती. चौथ्या आणि पाचव्या वेळी ताट रिकामे निघाले, तरी सहा आठवडे पुरे केले.

हे काम हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करावे. झोआंच्या, विशेषतः त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआच्या, शरीरात पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असू शकते. डोळ्यांत उडालेला एक थेंबही महागात पडतो, आणि ज्या दगडावर ही प्रवाळे आहेत तो दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये, कारण ते विष वाफेवाटे श्वासात जाऊन घरातली माणसे गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत.

एप्टेशिया या दुसऱ्या उपद्रवी जीवाची गोष्ट निराळी. हे काचेसारखे अर्धपारदर्शक समुद्रफूल ओरबाडून काढायला गेलात, तर मागे राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढते. त्यावर मी कॅल्शियम हायड्रॉक्साईडची, म्हणजे पानाला लावतात त्याच चुन्याची, पण शुद्ध भुकटीपासून केलेली घट्ट पेस्ट वापरतो. पंप बंद करून ती सिरिंजने थेट तोंडावर सोडायची आणि एका दिवशी तीन-चारांपेक्षा जास्त फुलांना हात लावायचा नाही, नाहीतर पाण्याचा सामू एकदम चढतो. पेपरमिंट कोळंबीही एप्टेशिया खाते, पण ती तिच्या मर्जीने.

दगडी प्रवाळांवरच्या किडींबद्दल मी लिहीत नाही, कारण ती मी पाळत नाही. आपल्या समुद्रातील दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे, हे मात्र विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

छोट्या टँकचा पंप आता दुरुस्त झाला असून सध्या त्यात एक नवा फ्रॅग आहे. आल्या दिवशी त्याला डिप दिला, तेव्हा ताटात काहीही पडले नव्हते. बाराव्या रात्री विजेरी घेऊन बसलो, तर प्लगच्या खाली तपकिरी-पांढऱ्या चौकटींच्या शंखाची, शर्टाच्या बटणाएवढी सनडायल गोगलगाय सापडली. तीही झोआच खाते, आणि धोका जाणवला की शंखाचे दार घट्ट लावून घेते. चिमट्याने तिला काढले आणि कॅलेंडरवर दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.