बंड्याचा सर्व्हे

बागेत छोटी आगगाडी धावणार हे नक्की झालं, तेव्हा मी सगळ्यात आधी चौकटींचा कागद काढला. एक चौकट म्हणजे 20 सेंटिमीटर. त्यावर कुंपण, झाडं, पाण्याचा हौद आखला. मग कुंपणाला समांतर लांबलचक मेन लाइन, कोपऱ्यात डौलदार वळण, गुलाबाच्या वाफ्यामागे बोगदा. यात दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी कागद घेऊन बागेत उतरलो आणि लक्षात आलं, की माझ्या मेन लाइनवर वाहतूक आधीच चालू आहे.

बंड्या, आमचा कुत्रा. कुंपणाच्या आतून दीडेक फुटावर त्याची रोजची गस्त असते. बाहेरून कोणी चालत गेलं, की हा आतून त्याला शेवटच्या खांबापर्यंत पोचवून येतो. चार वर्षांच्या या नोकरीत तिथलं गवत गेलंय, माती टणक झालीय आणि कोपऱ्यात अशी सुरेख वळणं पडलीत, जी मला कंपास घेऊनही साधली नव्हती. चढ कुठून सोपा पडतो, पाणी कुठे साचतं, सगळं पायांनी नोंदवलेलं. सर्व्हे पुरा झाला होता. फक्त तो माझ्या रेल्वेसाठी नव्हता.

कुत्र्याला वळण लावता येतं, असं म्हणतात. लावलंही असतं, पण मग मी एक गणित केलं आणि नाद सोडला. आमच्या गाडीचं माप बागेतल्या गाड्यांचं नेहमीचं, रुळांमधलं अंतर 45 मिलिमीटर. 1968मध्ये लेमान या जर्मन कंपनीनं हे माप खेळण्यांच्या कपाटातून बागेत आणलं. प्रमाण एकास साडेबावीस, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेली मीटरगेजची गाडी साडेबावीस पटींनी लहान केलेली. आता याच हिशेबानं गाडीच्या खिडकीतून बंड्याकडे बघा. खांद्यापाशी 60 सेंटिमीटर उंच असलेला आमचा कुत्रा प्रवाशांना साडेतेरा मीटर उंच दिसणार, चांगली चार मजली इमारत. आणि वजन? ते साडेबावीसच्या घनानं वाढतं. 28 किलोचे होतात 319 टन. तीनशेएकोणीस टनांची चार मजली इमारत भुंकत, शेपूट हलवत फाटक ओलांडत असेल, तर थांबायचं गाडीनं. हा नियम मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाकला.

(आमची मांजर ठमीही भरते पंचेचाळीस टन. तिला मात्र हे आधीपासून ठाऊक असावं, चालण्यावरून तरी तसंच वाटतं.)

लाइन मग कुंपणापासून आत सरकवली. सरकवली म्हणजे काय, सगळा नकाशाच उसवला. आत जागा कमी, त्यामुळे वळणं घट्ट. या मापात 60 सेंटिमीटर त्रिज्येचं वळण मिळतं, पण लांब डबे त्यावर टोकं बाहेर काढून, कोपरं मारत जातात. मला निदान दुप्पट हवी होती. एका बाजूला चढ काढावा लागला, तोही शंभराला दोनच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. पाचव्या कागदावर हे कसंबसं जमलं.

रूळ बंड्याचा पाय पडून वाकतील अशी भीती होती, ती मात्र फुकट. जाड पितळी रूळ पक्क्या बैठकीवर बसवले, की माणसाचं वजनही सोसतात. खरी अडचण खडीची. रुळांखाली घालायची ती मोकळी, बारीक, कोरडी खडी ठमीनं पाहिली आणि हे नवं शौचालय आपल्यासाठीच बांधलंय, असा तिचा प्रामाणिक समज झाला. तिला दोष कसा देणार? गोल खडे तर उकरायला आणखी सोपे. शेवटी धारदार कडांची कच घातली, दाबून बसवली, आणि थोडं सिमेंट मिसळलं. बागेच्या दुसऱ्या टोकाला तिच्यासाठी वाळूचा वेगळा वाफा केला. लाचच ती, पण प्रकल्पाच्या खर्चात धरलीय.

बोगदा तर ठमीनं उद्घाटनाआधीच ताब्यात घेतला. भोकातून काहीतरी सरसरत बाहेर येणार, यासाठीच तर मांजराचा जन्म. म्हणून बोगद्याचं छप्पर उचलता येईल असं केलंय. घसरलेला डबा काढायला हात पोचला पाहिजे, आणि प्रसंगी मांजरही.

वीज रुळांतून द्यायची की बॅटरीतून, यावर मी फार वेळ घालवला नाही. रुळांतली वीज फार तर 24 व्होल्ट, पण ओल्या नाकानं ती चाखून बघावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय चिखलाचे पंजे उमटले की चाकांना वीज मिळेनाशी होते. बॅटरी डब्यात, हुकूम रेडिओवरून. गाडीचा आवाज हा वेगळा विषय. मोटर गुणगुणू नये म्हणून काही नियंत्रक तिला विजेचे ठोके इतके भराभर देतात, की आपल्याला ते ऐकूच येत नाहीत. माणसाचा कान 20 हजार हर्ट्झच्या आसपास हात टेकतो. कुत्र्याचा 45 हजारांपर्यंत जातो, मांजराचा त्याच्याही पुढे. म्हणजे मी ज्याला शांत इंजिन म्हणून मिरवणार, ते या दोघांच्या कानाशी शिट्टी वाजवत फिरणार. असा नियंत्रक घेण्याआधी घरी आणून दोघांचे कान टवकारतात का, ते बघायचं ठरवलंय.

झाडांच्या यादीतून विषारी म्हणून कण्हेर गेली, सायकस गेला. लिलीवर मी अडून बसलो होतो, पण तिचे परागही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतात, हे कळल्यावर तीही गेली. आणि केस! आसांभोवती बंड्याचे केस सुतासारखे गुंडाळले जातात. इंजिनाच्या पेटीत तेलाच्या बाटलीशेजारी एक चिमटा ठेवलाय तो त्यासाठी.

गेल्या आठवड्यात चाचणीसाठी तीन मीटर सरळ रूळ टाकले, बंड्याच्या फाटकापाशी. एक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, हातानं ढकलून पाहिली. त्यानं ती हुंगली, रूळ हुंगले, आणि नेहमीच्याच जागेवरून पलीकडे गेला. मला भरून आलं. त्या भरात मी शेजारी पहिला सिग्नलही उभा केला, चांगला गुडघाभर उंच, लाल पट्टीचा. बागेत नवा खांब आला म्हटल्यावर बंड्या परत फिरला, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि पाय वर केला.

गाडी सुटायची वेळ झाली, की 'सिग्नल पडला' असं म्हणतात. आमचा खरोखरच पडलाय, आडवा, ओला. गाडी अजून खोक्यात आहे.